स्टीम डेक उन्हाळ्यात लै तापून राहिला, काय करू? (अकोला, स्लॅबखालची खोली)

वऱ्हाडी_पॅड

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहून राहिलो पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. माझ्याकडे स्टीम डेक आहे (हातात धरून खेळायचं गेमिंग मशीन), जुना एलसीडी स्क्रीनवाला, मामेभाऊ अमेरिकेतून येताना घेऊन आला होता. आम्ही अकोल्यात, घर दुमजली आणि माझी खोली वरची, डोक्यावर थेट स्लॅब. ज्यांनी मे महिन्यात विदर्भात स्लॅबखाली दुपार काढलीय त्यांना सांगायला नको, भिंतीला पाठ टेकवली तरी गरम लागते आणि पंखा लावला तर वरून भट्टीचीच हवा खाली येते.

हिवाळ्यात या मशीनने काहीच त्रास दिला नव्हता. एप्रिलपासून मात्र एल्डन रिंग हा गेम चालू केला की दहा मिनिटांत फॅन असा ओरडतो की खाली स्वयंपाकघरात आईला ऐकू जातो, मागच्या जाळीजवळ बोट ठेवलं की चटका बसतो आणि वरच्या फटीतून जी हवा येते ती इस्त्री करताना तोंडावर येते ना तशी. स्क्रीनवर आकडे लावून पाहिले तर चिप ९६-९७ अंशांवर जाते, एकदोनदा ९९ पण दिसले, आणि मग सेकंदाला ४० फ्रेम्स (चित्रं) घसरून २२-२५ वर येतात. परवा दुपारी गादीवर गोधडीवर ठेवून चार्जिंगला लावून खेळत होतो आणि अचानक स्क्रीन काळी, मशीन बंद. जीव नुसता खालीवर झाला. वीस मिनिटं हात लावायची हिंमत झाली नाही. नंतर चालू झाला, आता नीट आहे. पण हा आपल्याकडे अधिकृत विकलाच जात नाही, बिघडला तर नेणार कुठं आणि दुसरा घ्यायची माझी सध्या तरी ऐपत नाही, म्हणून हात जोडून विचारून राहिलो. कूलरसमोर ठेवला तर चालतो का? ते मोबाइलचे चिकटवायचे कूलर मिळतात ते लावू का? की पावसाळा लागेपर्यंत पेटीत घालून ठेवू?

सोल्डर_पुणे

पेटीत घालायची गरज नाही भावा, आणि तुझं मशीन बिघडलेलंही वाटत नाही, ते स्वतःचा जीव वाचवतंय. २०२२ च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट आली होती, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला, तेव्हा डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने स्वतःच जाहीर सांगितलं होतं की हे यंत्र ० ते ३५ अंश हवेत सगळ्यात चांगलं चालतं, चिप १०० पर्यंत आरामात तग धरते, १०० ला स्वतःहून वेग कमी करते आणि १०५ ला मशीन बंद होतं. म्हणजे तुला ९७ दिसतं तिथे चिपला इजा नाही, पण तू अगदी कडेवर उभा आहेस, आणि गोधडीवर ठेवलास तेव्हा कडेवरून खाली गेलास.

आता मुद्दा नीट समजून घे, कारण तो कळला की बाकीचं तुझं तुलाच सुचेल. फॅन थंड हवा तयार करत नाही, तो फक्त खोलीतली हवा आत ओढतो आणि तीच तापलेल्या पत्र्यांवरून फिरवून बाहेर टाकतो. म्हणजे खोलीपेक्षा थंड चिप कधीच होणार नाही, ती खोलीच्या वर अमुक इतके अंश अशीच राहणार. आता धरून चाल की डेक पूर्ण जोरात १५ वॅटवर चालतोय आणि चिप खोलीपेक्षा ६० अंशांनी वर राहते. हिवाळ्यात खोली २५, चिप ८५, सगळं छान. आता तुझी स्लॅबखालची खोली ४२, मग चिप १०२ व्हायला बघते, आणि तिथे ती स्वतःचे पाय मागे घेते, म्हणून तुझे फ्रेम पडतात. हा फरक साधारण वॅटच्या प्रमाणात असतो, १५ वॅटला ६० म्हणजे एका वॅटमागे ४ अंश. तोच गेम ९ वॅटवर आणलास तर फरक ३६, म्हणजे ४२ च्या खोलीतसुद्धा चिप ७८. आकडे ढोबळ आहेत, फॅनचा वेग बदलला की हलतात, पण हिशोब हाच. उष्णता बाहेर काढायच्या मागे लागू नको, मुळात तयारच कमी होईल असं बघ.

करायचं कसं तर उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाब, बॅटरीचं चित्र असलेल्या पानावर जा, तिथे ॲडव्हान्स्ड व्ह्यू चालू कर म्हणजे टीडीपी लिमिट (चिपने जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा) नावाची पट्टी दिसेल, ती ३ ते १५ अशी फिरते. त्याआधी वरचं ‘त्या त्या गेमपुरतं प्रोफाइल’ हे चालू कर, नाहीतर एका गेमसाठी केलेलं सगळ्यांना लागू होतं. एकदम ९ वर नको जाऊस, १२ ने सुरू कर, अर्धा तास खेळ, आकडे बघ, मग ११, मग १०. आणि स्क्रीन ४० हर्ट्झवर (सेकंदाला ४० वेळा चित्र बदलणं) ठेवून फ्रेम लिमिट ४० किंवा सरळ ३० कर. लिमिट नसली की मेनूच्या स्क्रीनवर नुसतं उभं राहिलास तरी चिप उगाच पळत सुटते. गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये सावल्या आणि गवत मध्यम कर. सात इंची स्क्रीनवर खरंच फरक कळत नाही, मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलंय.

आणि चार्जिंगला लावून खेळणं मेपुरतं बंद. बॅटरी चार्ज होताना स्वतः तापते, चार्जरकडून आलेल्या विजेचं रूपांतर करताना बोर्ड तापतो, आणि हे सगळं त्याच बंद डब्यात. तुझ्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे, पूर्ण जोरात दीड तास जाते, वॅट कमी केलेस की अडीच तास सहज. म्हणजे पट्टी खाली ओढलीस की तिन्ही कामं होतात, गरम कमी, आवाज कमी आणि चार्जरही नको.

लातूरगेमर

भाऊ माझा सोपा उपाय, मी मोबाइल तापला की पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतो, एकदम थंडगार. डेकला पण ट्राय कर.

आखातवासी

नको नको नको, कृपा करून हे करू नकोस. मी दहा वर्षं दुबईत आहे, मूळ सातारचा, आणि हा धडा मी महाग शिकलोय. इथे उन्हाळ्यात माझ्या खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी धरतं कारण आत एसी आणि बाहेर दमट गरम हवा. आपल्याकडे माठाला बाहेरून पाणी सुटतं त्यात माठ पाझरतो हे वेगळं, पण फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला जे थेंब धरतात तेच तुझ्या मदरबोर्डवर आतून धरणार. फ्रीजमधून बाहेर काढलास की थंड झालेल्या प्रत्येक धातूच्या टोकावर हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं, आणि तू तसाच चालू केलास की झालं. माझा जुना एक हँडहेल्ड (कुठला ते सांगत नाही, चूक माझीच होती) मी एसीतून थेट बाल्कनीत नेऊन चालू केला होता, ऑगस्ट महिना होता, स्क्रीनच्या आतून धुकं आलं आणि नंतर डावीकडची बटणं कधीच नीट चालली नाहीत. आता मी एसीतून बाहेर नेताना पिशवीच्या चेनसकट बंद ठेवतो आणि अर्धा तास तसाच राहू देतो, पिशवी बाहेरच्या हवेला आली की मगच उघडतो.

ते मोबाइलचे चिकटवायचे कूलर पण त्यातलेच. त्यांच्या मधे एक थंड प्लेट असते, ती जाळीच्या मधोमध चिकटवलीस तर हवा आत जायची वाटच अर्धी बंद, आणि दमट हवेत त्या प्लेटला पाणी सुटतं आणि फॅन ते आत ओढतो. सांगायचं राहिलं, गाडीत कधीच ठेवू नकोस. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डला हात लावून बघ म्हणजे कळेल. बंद असलेलं मशीनसुद्धा तिथे शिजतं, बॅटरीला चालू-बंद काही कळत नाही, तिला फक्त गरमी कळते.

लातूरगेमर

बाप रे, हे माहीतच नव्हतं. आजपासून बंद. धन्यवाद दादा.

संत्रीवाली_नागपूर

मी नागपूरची त्यामुळे कूलरचं मी सांगते, बाकी लोकांना कूलर म्हणजे काय तेच कळत नाही 😊 आपल्याकडची गर्मी कोरडी आहे म्हणून कूलर चालतो, बाहेर ४४ असताना कूलरच्या खोलीत ३०-३१ आरामात होते, म्हणजे त्या पुणेवाल्या दादांच्या ४२ च्या हिशोबाने अकरा-बारा अंश तिथेच सुटले. पण खोली गार करायची, मशीन नाही, हा फरक लक्षात ठेव. कूलरच्या तोंडासमोर ठेवशील तर हवेबरोबर बारीक तुषार येतात, हाताला कळत नाहीत पण चष्म्याच्या काचेवर दिसतात. माझ्या धाकट्या भावाचा निन्टेंडो स्विच (तेही गेमिंग मशीनच) आम्ही दोन उन्हाळे कूलरसमोरच्या टेबलवर ठेवायचो, आमचं पाणी बोअरचं आणि जड, तर त्याच्या वरच्या फटीला आणि डॉकच्या (टीव्हीला जोडायच्या स्टँडच्या) पिनांना पांढरा थर धरला होता, बाथरूमच्या नळाला धरतो तसाच खरखरीत. मी तो दात घासायच्या जुन्या ब्रशने तासभर बसून काढला. तेव्हापासून आमच्याकडे नियम केला, कूलर खिडकीत, खेळणारा कूलरच्या बाजूच्या भिंतीला, किमान सहा-सात फूट लांब आणि तोंडासमोर नाही. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं पाहिजेच, नाहीतर ओल खोलीतच कोंडते आणि तासाभरात सगळं चिकट होते.

स्विचलाही कंपनीने ५ ते ३५ अंशच सांगितलंय बरं का, म्हणजे हे फक्त डेकचं नाही. आपल्याकडे मेमध्ये ३५ तर सकाळी नऊलाच होतात!

अजून एक, आमच्याकडे वरच्या खोलीच्या गच्चीवर चुना मारतात, पांढरा, दोन हात. मागच्या वर्षी आम्ही मारला तर रात्री खोलीत झोपता येऊ लागलं. ज्यूटची पोती ओली करून गच्चीवर टाकतात ते पण चालते, पण पाणी लागते आणि मेमध्ये अकोल्याला पाण्याचे काय हाल असतात ते तुलेच माहीत. आणि वेळ बदल रे बाबा. स्लॅब दिवसभर जे ऊन पितो ते रात्री अकरा-बारापर्यंत खाली सोडत राहतो, म्हणून रात्री जेवल्यावर खेळणं हे दुपारइतकंच वाईट. माझा भाऊ आता पहाटे साडेपाचला उठून सात-साडेसातपर्यंत खेळतो, आई आधी रागावायची, आता म्हणते निदान लवकर उठतो तरी.

वऱ्हाडी_पॅड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस करून पाहिलं, आकडे वहीत लिहिले ते इथे टाकतो म्हणजे दुसऱ्या कोणाला कामी येतील.

काल दुपारी तीन वाजता, वरची खोली, कूलर बंद, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ४१. लिमिट न लावता दहा मिनिटांत ९७. मग टीडीपी ११, ४० हर्ट्झ, फ्रेम लिमिट ३०, सावल्या मध्यम, तर वीस मिनिटांनी ८६-८७ वर थांबला, आणि फ्रेम ३० वर घट्ट, एकदाही खाली नाही. खरं सांगतो, २५ ते ४० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा हे डोळ्याला कितीतरी बरं वाटते. मग कूलर लावला, पाऊण तासात खोली ३२ वर आली, मी दाराजवळ खाली चटईवर बसलो ताईंनी सांगितलं तसा बाजूला, तेच सेटिंग, आणि चिप ७८! फॅनचा आवाज आहे पण ओरडत नाही. आणि स्टारड्यू व्हॅली (शेतीचा साधा गेम) ४ वॅटवर टाकली तर साठीसुद्धा गाठत नाही, दुपारी तेच खेळायचं ठरवलंय, शेती करू 😄

गोधडी बंद. मले हे डोक्यातच आलं नव्हतं की हवा मागून आत जाते. मी पोटावर ठेवून, मांडीवर ठेवून, उशीवर ठेवून सगळीकडे ती जाळी झाकूनच खेळत होतो. आता धाकट्या बहिणीची वही ठेवायची लाकडी घोडी आहे (पोथी ठेवतात ना तशी, इंग्रजी एक्ससारखी), त्यावर ठेवतो आणि वेगळा कंट्रोलर जोडून खेळतो, मागून पूर्ण मोकळा.

पण एक शंका राहिली. वॅट कमी करूनसुद्धा फॅन मागच्या वर्षीपेक्षा जास्त फिरतो असं मले वाटते, आणि जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर आत करडं काहीतरी दिसून राहिलं. धूळ असेल का?

खानदेशी_पाना

धूळच आहे ती भाऊ, दुसरं काही नाही. माझं जळगावात मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे, बारा वर्षं झाली. डेक माझ्याकडे आतापर्यंत तीनच आलेत पण लॅपटॉप रोज उघडतो आणि गोष्ट सगळीकडे एकच. आपल्या भागात फुफाटा आहे, वर कापसाचा पट्टा, त्यात गादीवर खेळणारे लोक. फॅनच्या पुढे तांब्याच्या बारीक पात्या असतात कंगव्यासारख्या, त्यांच्या आतल्या तोंडाला ही रूई आणि धूळ बसून बसून नमद्याचा तुकडा होतो. मी चिमट्याने धरून ओढतो तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघते, अशी बोटाएवढी, करडी, मऊ. बाहेरून ब्लोअर मारून ती निघत नाही, उलट आत घट्ट बसते. फॅन बिचारा फिरतो पण हवा जाणार कुठून.

उघडायला अवघड नाही पण घाई केलीस तर नुकसान. सगळ्यात आधी मेमरी कार्ड काढ. हे मी मोठ्याने सांगतोय. कार्ड आत राहिलं आणि मागचं झाकण ओढलंस तर कार्डाचे दोन तुकडे होतात, माझ्याकडे आलेल्या तीनातल्या एकाचं तसंच झालं होतं, पोराने घरीच उघडला आणि कार्ड गेलं, त्यात त्याचं सगळं सेव्ह. मग मशीन पूर्ण बंद, झोपवलेलं नाही, बंद. बॅटरी पाव भागाच्या खाली असू दे. मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब चार आखूड, लांब मुठींच्या बाजूचे. वाटीत एकत्र टाकू नको, कागदावर मशीनचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेव. ते सरळ प्लास्टिकमध्ये बसतात, म्हणून लावताना आधी उलटा फिरव, टक असं हाताला लागलं की मग सुलटा, नाहीतर आटे खाऊन टाकशील. झाकण काढायला जुनं एटीएम कार्ड वापर, लोखंडी काही नको, बॅटरी तिथेच आहे.

आत गेलास की फॅन आडव्या हाताने किंवा दाताच्या काडीने धरून ठेव आणि मगच ब्रश किंवा हवा मार. न धरता हवा मारली तर फॅन भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंगचा जीव जातो. चिपवरची पेस्ट (चिपची उष्णता पात्यांकडे नेणारा लेप) आत्ता नको काढू. ती दोन-तीन वर्षांनी, तेही धूळ काढून फरक पडला नाही तर. ते काम पहिल्यांदाच करत असशील तर कोणाकडून तरी करून घे, तिथे पत्रा काढावा लागतो आणि बॅटरीची वायर सोडवावी लागते.

आणि बॅटरीकडे नीट बघ, हे मी पैशासाठी नाही सांगत. मे-जूनमध्ये माझ्याकडे फुगलेल्या बॅटरीचे मोबाइल हिवाळ्याच्या कितीतरी पट येतात. बघायचं काय तर मागचं झाकण टेबलवर ठेवल्यावर डुगडुगतं का, दोन प्लास्टिकच्या मधली फट कुठे रुंद झालीय का, खालचे ट्रॅकपॅड (बोट फिरवायचे चौकोन) दाबायला अचानक घट्ट झालेत का, स्क्रीन कडेने उचललीय का. यातलं एकही दिसलं तर चार्जिंग लगेच बंद, दाबून सपाट करायला जाऊ नको, टोचू तर अजिबात नको, लोक टोचतात, मी पाहिलंय, धूर आणि जाळ दोन्ही निघतात. नसेल फुगली तर उत्तम. १०० टक्के भरून गरम खोलीत ठेवणं हे बॅटरीला सगळ्यात वाईट. नवीन सॉफ्टवेअरमध्ये चार्ज ८० ला थांबवायची सोय आली आहे, ती चालू करून टाक.

सोल्डर_पुणे

खानदेशी दादांच्या उत्तरात माझी फक्त एक भर. उघडायच्या आधी बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जाऊन बॅटरी स्टोअरेज मोड चालू कर, आवाज वाढवायचं बटण दाबून धरून पॉवर दाबलं की बायॉस येतं. त्या मोडमध्ये बॅटरी बोर्डाला वीज देणं थांबवते, म्हणजे चुकून स्क्रूड्रायव्हर निसटला तरी ठिणगी नाही. नंतर चार्जर लावला की मशीन आपोआप जागं होतं, घाबरू नको, मेलं असं वाटतं पण नसतं. आणि ८६ वरून तू ३२ च्या खोलीत ७८ वर आलास ते बरोब्बर जुळतं, खोली ९ ने उतरली, चिप ८ ने.

वऱ्हाडी_पॅड

बॅटरी तपासली, टेबलवर एकदम सपाट बसतो, फट सगळीकडे सारखी, ट्रॅकपॅड नीट आहेत. हुश्श. ८० ची सेटिंग पण सापडली, लावली. स्क्रूड्रायव्हर शेजारच्या घड्याळवाल्या काकांकडून आणलाय, बाबांच्या ऑफिसचा जाड पुठ्ठा घेतलाय स्क्रू टोचायला. उद्या पहाटे साडेपाचला उघडतो, तेव्हा खोली पण गार असते आणि लाईट पण जात नाही. फोटो टाकतो इथे.

खानदेशी_पाना

कार्ड आधी.

वऱ्हाडी_पॅड

आत्ताच काढून ठेवलं दादा, देव्हाऱ्यात हळदीच्या डबीशेजारी.